कालव्याकाठचे अकरा किलोमीटर

समोरून वारा सुटला तेव्हा गाव अजून अकरा किलोमीटर लांब होतं. सपाट रानात सगळंच हाताच्या अंतरावर दिसतं. गावाचा दगडी मनोराही तसाच दिसत होता, बोट लांबवलं तर टेकेल असा. पण सून अर्धा तास पॅडल मारत होती आणि मनोरा जागचा हलायला तयार नव्हता.

कालव्याच्या बांधावरची ही वाट फक्त सायकलींसाठी होती. ना इंजिन, ना भोंगा. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला नजर पोचेल तिथवर गहू. सकाळी वारा पडलेला होता तेव्हा बगळा उठला तरी त्याचे पंख ऐकू येत होते. आता कानात नुसतं घोंघावणं.

सासरे दहा हात मागे होते. वय अडुसष्ट, छातीचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं. सायकलवरच्या या सहलीला निघताना तिच्या नवऱ्यानं बजावलं होतं, "बाबा दमले तरी स्वतःहून बोलायचे नाहीत. तूच थांबत जा." म्हणून गेले तीन दिवस ती पुढे राहून वेग बेताचा ठेवायची, मधूनच 'हुश्श' करून उतरायची, आणि दमल्याचं सोंग आणायची.

आज सोंगाची गरज पडली नाही. मांड्या भरून आल्या, हँडल डगमगलं आणि ती सायकलीसकट गवतात कलंडली.

"लागलं का?" सासरे उतरून धावत आले.

"लागलं नाही. पण माझ्याच्यानं होत नाही, बाबा. चालत जाऊ या." डोळ्यांत पाणी वाऱ्यानं आलं की संतापानं, तिचं तिलाच कळेना.

त्यांनी तिची सायकल उभी केली. गवत कुठल्या बाजूला झुकतंय ते क्षणभर पाहिलं.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा."

"मग बरोबर आहे. भरलेल्या ट्रकपेक्षा रिकामा ट्रक वाऱ्यात जास्त हलतो." पिशवीतून त्यांनी पाव आणि उकडलेलं अंडं काढून तिच्या हातात ठेवलं. तिचं खाऊन झाल्यावर ते म्हणाले,

"आता मी पुढे. तू माझ्या मागे, हातभर अंतरावर. वारा कालव्याकडून तिरका येतोय, म्हणून गव्हाच्या बाजूनं राहा. मनोऱ्याकडे बघायचं नाही. माझ्या मागच्या चाकाकडे बघायचं."

"अहो, पण तुमची छाती..."

"बत्तीस वर्षं ट्रकचं इंजिन आवाजावरून ओळखलं. हे तर माझं स्वतःचं आहे, पोरी. कुरकुरलं की थांबेन."

ती मागे लागली. पहिली दोन-चार मिनिटं काही फरक जाणवेना. मग चाक जरा जवळ नेलं, आणि वारा बंद झाला. म्हणजे बंद झाला नव्हता, सासऱ्यांच्या सदऱ्यात फडफडत होता. तिच्यापर्यंत येत नव्हता एवढंच.

त्यांची पाठ तिनं इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. घरात ते पेपरामागे असायचे, नाहीतर बागेत. ही पाठ हलत नव्हती. जोर नाही, झटका नाही. हलक्या गिअरवर पाय आपले फिरताहेत, घरातलं घड्याळ चालावं तसे. खड्डा आला की डाव्या हाताचं बोट खाली जायचं. वेग कमी करायचा असला की आधी तळहात दिसायचा. मागच्याला काय दिसत नाही, याची एवढी जाण असलेला माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता.

मधे त्यांनी तळहात दाखवला आणि पाय टेकले. "जरा दम घेतो," ते म्हणाले. स्वतःहून. दूर, गव्हाच्या पलीकडे, हमरस्त्यावर ट्रक मुंगीएवढे सरकत होते. आवाज इथवर येत नव्हता.

"तुम्ही त्याच रस्त्यानं जायचात ना?"

"आठवड्यातून दोनदा. हा मनोरा दिसला की गोदाम चाळीस मिनिटांवर. एवढीच याची-माझी ओळख."

"आत कधीच नाही गेलात?"

"ते धूड घेऊन?" ते हसले. "चल."

दुपार कलायच्या आत दोघं गावाच्या तटाखाली पोचली. तटानं वारा अडवला होता. कमानीच्या आत अरुंद गल्ली, दोन्हीकडे दगडी घरं, खिडक्यांत वाळत घातलेल्या चादरी. सासरे कमानीतच थांबले. दमले असतील म्हणून सून पुढे झाली, तर ते वाकून उंबऱ्याच्या दगडाला हात लावत होते. दगडात जुन्या गाड्यांच्या दोन चाकोऱ्या पडल्या होत्या, वीतभर खोल, आतून हाडासारख्या गुळगुळीत. सासऱ्यांनी त्यातल्या एकीत तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पहिल्याच घरापुढे एक बाई बादली घेऊन फरशी धूत होती. दगड ओला, लखलखीत.

"ताई," सासऱ्यांनी विचारलं, "सायकली आत आणल्या तर चालतील?"

बाईनं आधी त्यांच्याकडे, मग त्यांच्या टायरांकडे बघितलं.

"या की. एवढ्या गाड्या गेल्या इथून, तुमच्या सायकलीनं काय झिजणार आहे?"

तरीही सासऱ्यांनी खिशातून फडकं काढलं. आधी सुनेच्या सायकलीची चाकं पुसली, मग आपल्या. आणि मगच उंबऱ्यावर पाऊल ठेवलं.