दहा मिलिमीटर

"घाई करू नकोस. आणि पाय जपून टाक," मालक म्हणाला. "मागच्या वेळी तुझाच घसरला होता."

काटकोननं मान डोलावली आणि हातमोजे चढवले. आठ महिन्यांपूर्वी काच नेताना कमरेत लचक भरून तो याच काचेच्या गोदामातून वाकलेलाच बाहेर पडला होता, तेव्हा पोरांनी हे नाव ठेवलं. आज तो सरळ उभा होता. नाव मात्र सुटलं नव्हतं.

दारापासून काच टेकवून ठेवायच्या लाकडी घोडीपर्यंत वीस पावलं. काच सहा फूट बाय चार फूट, दहा मिलिमीटर जाडीची. तीन खेपा. जमल्या तर सोमवारपासून कामावर. नाही जमल्या तर मालकानं दुसरा माणूस बघून ठेवला होता.

फिजिओथेरपिस्ट बाई कागद लावलेला पुठ्ठा घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. या वीस पावलांसाठी त्यांनी पाच महिने काटकोनकडून तयारी करून घेतली होती. आधी रिकामी चौकट, मग वाळूची पेटी, मग दर आठवड्याला थोडी जास्त वाळू.

"उचलताना श्वास रोखायचा नाही," त्या म्हणाल्या. "थोडं दुखेल. दुखलं म्हणजे मोडलं असं नाही."

"हे काचेलाही सांगून ठेवा मॅडम," ओळंबा म्हणाला. पोरं हसली.

ओळंबा हा काटकोनचा अकरा वर्षांचा जोडीदार. गोदामात त्याच्याइतकं ताठ कोणी चालत नसे. 'याच्या अंगाला लावून भिंत बांधावी,' असं मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

पहिली खेप झाली. दोघं काचेच्या दोन बाजूंना, तिरकी पावलं टाकत. काच हातात असताना बोलायचं नाही, पलीकडचं तोंड बघायचं आणि पाऊल टाकायचं, ही इथली पद्धत. काटकोनचे पाय ती विसरले नव्हते. दुसरी खेपही झाली. बाईंनी कागदावर दोन खुणा केल्या.

तेवढ्यात ओळंब्याचा एक हातमोजा खाली पडला. तो वाकला नाही. मोजा त्यानं पायानं ढकलत घोडीपर्यंत नेला, घोडीला धरलं, पाठ तशीच ठेवून एका गुडघ्यावर बसला आणि मोजा उचलला.

"महाराज, हुकूम करायचा होता," कोणीतरी म्हणालं. "आम्ही उचलला असता."

बाई हसल्या नाहीत. त्यांचं पेन थांबलं होतं.

तिसरी खेप. सतराव्या पावलाला काचेपलीकडचं तोंड पांढरं पडलं. पलीकडचा कोपरा बोटभर खाली आला आणि सगळं वजन काटकोनच्या हातांवर घसरलं. हा हिसका त्याच्या हातांना ओळखीचा होता. आठ महिन्यांपूर्वी तो असाच आला होता, याच बाजूनं.

या वेळी तो झटकन वळला नाही. गुडघ्यांत वाकला, वजन मांड्यांवर घेतलं.

"टेकव," तो म्हणाला.

काचेची खालची कड जमिनीवरच्या रबरी पट्टीवर टेकली. काच उभी राहिली, मध्ये, दोघांच्या हातांत. ओळंबा अर्धवट वाकून तसाच अडकला होता. त्याला ना खाली जाता येत होतं, ना वर. सदरा वर सरकला होता. खाली कंबरदुखीवर बांधतात तो पट्टा दिसत होता, रुंद, कडांचे दोरे निघालेला. बक्कल वापरून वापरून गुळगुळीत झालं होतं. आठ महिन्यांत बक्कल इतकं झिजत नाही.

"कधीपासून?" काटकोननं विचारलं.

"तुझ्या आधीपासून."

"मला बोलला नाहीस."

"सांगितलं असतं तर मालकानं घरी बसवलं असतं."

काटकोन काचेतून त्याच्याकडे बघत राहिला. ओळंब्यानं नजर खाली घेतली.

"त्या दिवशी तुझा पाय घसरला नव्हता," तो म्हणाला. "माझा कोपरा सुटला होता. कंबर धरली माझी. सगळे तुझ्याकडे धावले, आणि मग... राहूनच गेलं सांगायचं."

"दर रविवारी घरी यायचास," काटकोन म्हणाला. "माझ्या बायकोच्या हातचा चहा प्यायचास."

"हो."

"मी म्हणायचो, चूक माझीच होती. तू म्हणायचास, होतं असं एखाद्या वेळी."



मालक तोंड उघडं टाकून उभा होता. मग त्याचं काचेकडे लक्ष गेलं.

"अरे, घोडीवर घ्या आधी! तीन पावलं राहिलीत! कोणीतरी हात लावा रे!"

कोणी हललं नाही. काटकोनच्या बोटांखाली काच किंचित थरथरत होती. त्यानं नुसते हात काढले असते, तरी काच ओळंब्याच्या अंगावर गेली असती.

बाईंनी पुठ्ठा जमिनीवर ठेवला आणि त्या काचेच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. तिथून दोघंही दिसत होते. त्यांनी कोणालाच हात लावला नाही.

"श्वास घ्या," त्या म्हणाल्या. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

सकाळच्या गारठ्यानं काच थंडगार होती. पलीकडून तिच्यावर वाफेचा ठिपका उमटत होता, विरत होता, पुन्हा उमटत होता. अलीकडची, काटकोनच्या तोंडासमोरची बाजू अजून स्वच्छ होती.