एव्हाल्डचं थडगं कोण पुसतंय?

दर शनिवारी वालेरिया बादली आणि ब्रश घेऊन नवऱ्याच्या थडग्यापाशी जायची. कारखान्याच्या काजळीनं दगड काळाकुट्ट झालेला असायचा. तो घासता घासता ती एव्हाल्डला आठवड्याभराचं सगळं सांगायची. पण गेले तीन शनिवार दगड आधीच लख्ख असायचा. तिच्या मनात पाल चुकचुकली.

शेवटी तिने राखणदाराला गाठलं. "तेओफिलभाऊ, खरं सांगा. ती कँटीनवाली गेर्त्रूदा येते ना इथे पुसायला?"

"कुणीच येत नाही, वहिनी."

"मग हा दगड आपोआप उजळला होय?"

"शेजारचे बघा की. सगळेच उजळलेत. गेर्त्रूदाचं काय सगळ्या दफनभूमीशी लफडं होतं?" तेओफिल हसला. "कारखान्याला युरोपियन युनियनचं अनुदान मिळालं ना, धुराड्यांना फिल्टर बसलेत. जुनी काजळी पावसानं धुऊन गेली, नवी पडतच नाही आता."

वालेरियानं आजूबाजूचे सगळे दगड नीट बघून घेतले आणि हुश्श करून बाकावर टेकली.

मग उठून तिने त्या लख्ख दगडावरून उगाचच ओला ब्रश फिरवला. म्हणाली, "ऐक एव्हाल्ड, तीन आठवडे बोलले नाही तुझ्याशी. खूप साठलंय."