भुंडे हात

लोणावळ्याच्या बंगल्यात रेडिओवरच्या नाट्यकलावंतांचं संमेलन भरलं होतं. माईकपुढे जाण्याआधी कुमुदताईंनी सवयीनं काचेच्या बांगड्या उतरवल्या. माईकला किणकिणही खपत नाही. एरवी त्या सांभाळत त्यांचे यजमान दाराशी उभे असत आणि नाटिका संपली की स्वतःच परत चढवत. “भुंडे हात बघवत नाहीत,” म्हणत. आज ते पुण्यात अंथरुणाला खिळलेले, म्हणून बांगड्या बंगला राखणाऱ्या भागूबाईच्या ओच्यात गेल्या. नाटिका रंगली. टाळ्या ओसरल्यावर संमेलनाच्या चिटणिसांनी मान खाली घालून तार पुढे केली. यजमान सकाळीच गेले. ताईंनी तार मुठीत आवळली. काहीच ठाऊक नसलेली भागूबाई लगबगीनं आली. “द्या हात, बाई. सवाशिणीनं असं ऱ्हाऊ न्हाई. मूठ सोडा, न्हाईतर चढायच्या न्हाईत.” ताईंनी तार दुसऱ्या मुठीत घेऊन हात पुढे केला. पुण्याची गाडी यायला अजून तासभर अवकाश होता.