फुकटचा महिना

एकतिसाव्या दिवशी कॅमेऱ्याचा आवाज बंद झाला आणि थोरलीचं डोकं फिरलं.

ती दातांची डॉक्टर. दोन पेशंटच्या मधे पाच मिनिटं मिळाली की मोबाइलवर आईचं घर उघडून बघायची. आई एकटी राहायची, म्हणून थोरलीने स्वतः स्टुलावर चढून बाहेरच्या खोलीत, बाबांच्या फोटोच्या जरा वर, कॅमेरा ठोकला होता. महिनाभर सगळं झकास चाललं. इकडून थोरलीने "आई, गोळी घेतलीस का?" विचारलं की तिकडे आई दचकायची आणि मग हसत सुटायची. आता मोबाइलवर पट्टी आली होती : आपला मोफत महिना संपला. आवाजासाठी सोनेरी योजना घ्या.

तिने कंपनीला फोन लावला. तक्रारीसाठी चार दाबलं, तर चारने पुन्हा एकावर आणून सोडलं. मग वीस मिनिटं बासरी. मग एक माणूस.

"मॅडम, चित्र मोफत आहे. आवाज सोनेरीत येतो."

"म्हणजे कॅमेरा मी विकत घेतला आणि आवाज भाड्याने?"

"वर्षभराची योजना घेतलीत तर सूट आहे, मॅडम."

सूट देऊनही योजना कॅमेऱ्यापेक्षा महाग होती. नाकापेक्षा मोती जड! या लुटारूंना दमडी द्यायची नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. परदेशातल्या धाकट्या भावाला फोन करून सांगितलं. तोही म्हणाला, "दिसतेय ना? पडली-झडली तर कळेल. बास झालं." दवाखान्यातल्या मदतनीस बाईंना सांगितलं. खुर्चीत आ वासून पडलेल्या प्रत्येक पेशंटला सांगितलं. ते बिचारे वाद घालणार तरी कसे?

तीनेक महिने गेले आणि थोरलीला एक वेगळंच दिसायला लागलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आई केस विंचरायची, खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसायची आणि बोलायला लागायची. चांगली तासभर. हातवारे करायची, मधेच हसायची, मधेच थांबून मान डोलवायची. एकदा तिने विणत असलेल्या स्वेटरची बाही फोटोसमोर धरून दाखवली. एकदा पदराने डोळे पुसले.

थोरलीने पुढच्या पेशंटला बाहेरच थांबवलं. तिने फोन केला.

"आई, संध्याकाळी काय करतेस गं?"

"तुला काय माहीत नाही?" आई हसली. "ठेव आता. पेशंट ताटकळले असतील."

थोरलीने ती चित्रं धाकट्याला पाठवली. त्याचा लगेच फोन आला.

"बाबांशी बोलतेय गं ती."

"बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आत्ताच कुठून सुरू झालं हे?"

"तेच तर."

मेंदूच्या डॉक्टरांनी चित्रं दोनदा पाहिली. मग आईला गोड आवाजात विचारलं, "आजी, रोज संध्याकाळी कोणाशी बोलता?"

आईने थोरलीकडे पाहिलं. थोडी लाजलीही. "हिलाच विचारा की. हिला सगळं ठाऊक आहे."

थोरलीने मान खाली घातली. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "एकटं ठेवू नका. आज फोटोशी बोलतात, उद्या गॅस चालू ठेवून बाहेर जातील."

थोरलीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दिवसभर घरात कोणी नाही. धाकटा सातासमुद्रापार. भावाबहिणीने आठवडाभर काथ्याकूट केला आणि शेवटी वृद्धाश्रम ठरला. सामान बांधताना आई एकदाच बोलली.

"मला हे घर सोडायचं नाही म्हणून तुला सांगितलं होतं ना? किती वेळा सांगितलं!"

थोरलीला काही केल्या आठवेना. हेही आजाराचंच लक्षण, अशी तिने मनाची समजूत घातली. तशी ती घातली नसती तर आईला त्या दिवशी गाडीत बसवणं तिला जमलंच नसतं.

आश्रमातल्या खोलीत आईच्या पलंगासमोर तिने मुद्दाम बाबांचा फोटो लावला. आईने मान वळवूनही पाहिलं नाही. महिन्याभराने नर्स म्हणाली, "आता अगदी शांत असतात. ते एकटीने बोलणं पार बंद." डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. थोरलीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दर रविवारी ती आईशेजारी बसायची, आई खिडकीबाहेर बघत राहायची, आणि परत येताना थोरलीला वाटायचं, आपण हे काय करून बसलो.

मग आईचं घर रिकामं करायचा दिवस आला. शेजारच्या काकू त्यांच्याकडे ठेवलेली जादा किल्ली द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. उघड्याबोडक्या भिंती बघून त्यांना भरून आलं.

"काकू," थोरलीने विचारलं, "आई फार एकटी पडली होती का हो?"

"एकटी? छे! रोज भाजीला आम्ही बरोबर जायचो. मी काय विसरले ते त्याच मला आठवण करून द्यायच्या. दुपारी माझ्याकडे बसायच्या. फक्त सहा वाजले की उठायच्या. थांबा म्हटलं तरी थांबायच्या नाहीत."

"बाबांशी बोलायला," थोरली हळूच म्हणाली.

"बाबांशी?" काकूंना काही कळेना. "अहो, तुमच्याशी! त्या कॅमेऱ्यातून. मला म्हणायच्या, लेक हल्ली स्वतः काही बोलत नाही, तिच्यामागे पेशंट असतात. पण रोज तासभर माझं सगळं ऐकून घेते."