वाटाण्याएवढी ग्रंथी

कडेचं दिसेनासं झालं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला इथे पाठवलं होतं. माझ्या मेंदूचा फोटो पाहत इथल्या डॉक्टर मुलीने विचारलं, "आजी, पाळी कधी गेली?"

"तेविसाव्या वर्षी. मूल नसतानाही दूध यायचं. सासूबाई म्हणाल्या, बोलू नकोस कुठे, लोक करणी म्हणतील."

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. पाळीचा, दुधाचा हुकूम तिथूनच सुटतो, असं तिने समजावलं. माझ्या त्या ग्रंथीत जुनी गाठ होती; तीच आता डोळ्यांच्या नसा दाबत होती. "गर्भाशय चांगलंच होतं तुमचं, आजी."

गल्लीतल्या प्रत्येक बारशाच्या घुगऱ्या मी शिजवल्या. पाळण्याची दोरी मात्र कुणी हाती दिली नाही.

"सोबत कोण आलंय? त्यांनाही समजावते."

"कुणीच नाही गं उरलं. तू मलाच पुन्हा एकदा सांग."