सदतीस नंबरचं फूल

सदतीस नंबरचं फूल चोळलं आणि अनुपमाचे हात थांबले. तळहातावर भरलेले दाणे होते. तिनं एकेक नखानं दाबून पाहिला. एकही दबेना. एकोणीस दाणे.

सकाळपासूनची छत्तीस फुलं पोचट निघाली होती. आधीची तीन वर्षंही तशीच गेली. दुसरबीड गावाबाहेरच्या या जमिनीच्या तुकड्यात ती शेतातल्या सूर्यफुलाचा रानटी सूर्यफुलाशी संकर करत होती. रानटी झाड भुरी रोगाला दाद देत नाही. तेवढा एक गुण तिला शेतातल्या फुलात उतरवायचा होता. पहाटे चिमट्यानं फुलातले पुंकेसर काढायचे, रानटी पराग ब्रशनं लावायचा, वर कापडी पिशवी बांधायची. दाणा काही भरत नव्हता. यंदा शेवटचं, असं संशोधन केंद्रातल्या साहेबांनी बजावलं होतं.

"मावशी, धरला! दाणा धरला!"

चारही वर्षं तिच्यासोबत चिमटा धरणाऱ्या शालूबाई पलीकडे वाळलेल्या फुलांवरच्या पिशव्या सोडत बसल्या होत्या. त्या उठून आल्या. त्यांनी दाणे पाहिले, मग फुलाला बांधलेल्या चिठ्ठीवरचा नंबर पाहिला. अनुपमा साहेबांना फोन लावायला निघाली होती.

"थांबा जरा, मॅडम. हे पिशवी म्या सोडली होती."

"कधी?"

"फुलोऱ्यात. आत मधमाशी अडकली होती. लय भनभन करू राह्यली होती. तिले सोडून देल्लं अन् पिशवी पुन्हा बांधली."

अनुपमानं फोन खाली ठेवला. माशी आत होती, म्हणजे शेजारच्या ओळीतला साधा पराग तिच्याबरोबर आत गेला होता. दाणे भरणारच होते. तिनं वहीत सदतीससमोर 'बाद' लिहिलं.

तीन फुलं उरली होती. तीही तिनं चोळली. पोचट. ती बांधावर बसली.

"मावशी, आता तुमचंही काम गेलं," ती म्हणाली. "गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळलं असतं?"

शालूबाई शेजारी टेकल्या. त्यांनी पदरानं मान पुसली.

"तुमी ते दाणे पेरले असते, मॅडम. अन् रोज सकायी आशेनं पाहाले गेल्या असत्या. ते माह्यानं पाह्यवलं नसतं."