मोराची पेटी

किल्ली निम्मी फिरली आणि अडली. अजिनाथनं दम घेतला, पुन्हा जोर लावला. कट्‌ वाजलं. बापाच्या करगोट्याला जन्मभर घासून गुळगुळीत झालेली किल्ली शेवटी आपल्या कुलपात बसली.

"अगं बाई, उघडलं!" संग्रहालय सांभाळणारी सुकन्या टाळी वाजवून म्हणाली. "काका, 'किल्ली नाही' अशी पाटी मीच लावली होती हो ह्या पेटीवर."

नेवाशाजवळचा हा दगडी बंगला म्हणजे गुरांच्या एका डॉक्टरचं वेड. दिवसभर तालुक्याची जनावरं बरी करायची आणि येताना कुणाच्या तरी घरातली अडगळ उचलून आणायची. अडकित्ते, घुंगुरमाळा, रेल्वेचे कंदील, बंद पडलेली घड्याळं. एका बरणीत तर नुसत्या कवळ्या. डॉक्टरच्या दारावरून जाताना तोंड मिटून जावं, नाहीतर दात ठेवून घेतो, असं लोक म्हणायचे. डॉक्टर गेला, बंगल्याचं संग्रहालय झालं. मागच्या महिन्यात अजिनाथची सून निकिता शाळेची सहल घेऊन आली आणि मोबाईल भरून फोटो घेऊन गेली. त्यातल्या एका सागवानी पेटीच्या झाकणावर मोर कोरलेला होता. मान तुटलेला. अजिनाथनं जेवता जेवता तो मोर ओळखला आणि घास हातातच राहिला.

त्या मोरानं घर फोडलं होतं. बाप राधाकृष्ण पेटीला कुणाला शिवू देत नसे. बावीस वर्षांमागं सगळं घर एका लग्नाला गेलं, परत येऊन बघतं तर पेटी गायब. म्हातारा रडला नाही की ओरडला नाही. कमरेची किल्ली चाचपून एवढंच म्हणाला, "नेनाऱ्याला मी वळखतो." नाव काही सांगेना. धाकटा कानिफनाथ म्हणाला, अजिनाथ चोर. अजिनाथ म्हणाला, कानिफनाथ चोर. घराच्या मधोमध भिंत आली. अजिनाथच्या पोरीच्या लग्नात सख्खा चुलता अक्षता टाकायलासुद्धा फिरकला नाही.

चंगळ झाली ती म्हाताऱ्याची. एक महिना भिंतीच्या ह्या बाजूला, एक महिना त्या बाजूला. आज नाव सांगेल, उद्या पेटीतलं सांगेल, म्हणून दोन्ही घरांत भाकरीवर तूप असं, की मनगटावरून कोपरापर्यंत ओघळावं. त्या तुपावर गडी ब्याण्णव वर्षं जगला. गेला तो अजिनाथच्या महिन्यात, म्हणून किल्ली अजिनाथकडं आली.

आणि आज अजिनाथचं नाव निघणार होतं. चोर म्हणून नव्हे, साव म्हणून. पेटी इथं कुणी आणून विकली एवढं कळलं, की बावीस वर्षांचा डाग धुऊन निघणार होता.

त्यानं झाकण उचललं. आत चार डांबरगोळ्या.

"त्या आमच्याच. मागच्या फळीला किडीनं भोक पाडलंय, तिथून टाकल्या होत्या," सुकन्या म्हणाली. "थांबा, डॉक्टरांची वही बघू. प्रत्येक वस्तूची नोंद आहे. कुठून आणली, कुणाकडून, आणि विकणारा काय म्हणाला, तेसुद्धा. हे ऐका, घड्याळाखाली लिहिलंय, 'विकणारा म्हणाला, घरात बायको हाय, दुसरी टिकटिक कशाला.'" ती हसली. पानं उलटत गेली. मग वाचता वाचता तिचा आवाज उतरला.

"'सागवानी पेटी, मोराची. घोडेगावच्या बाजारात घेतली. विकणारा राधाकृष्ण, वय सत्तर, घरच्या लग्नातून मधेच उठून आलेला. पेटी रिकामी. आत कधीच काही नव्हतं, म्हणाला. किल्ली मागितली, देईना. म्हणाला, डाक्टर, पोरं कुलूप फोडाया टपल्यात. फोडलं, तर माजंच बिंग फुटंल. गेलेली पेटी कुनाला फोडता येत न्हाई. पेटी न्या, किल्ली ऱ्हाऊ द्या. भाकरी किल्लीवर मिळती.'"

अजिनाथनं वही आपल्याकडं ओढली आणि बापाच्या नावावरून बोट फिरवलं. दोघंही साव. दोघंही बावीस वर्षं चोर.

"पानाचा फोटो काढून देते, काका," सुकन्या हळूच म्हणाली. "भावाला दाखवा. आणि किल्ली आम्हाला द्या ना. पेटी पूर्ण होईल. पाटीवर तुमचं नाव टाकते."

"काडा," अजिनाथ म्हणाला. त्यानं किल्ली कुलपातून उपसून तिच्यापुढं धरलीसुद्धा.

खिडकीबाहेर व्हरांड्यात निकिता धाकट्या जावेशी, अजिनाथच्या दुसऱ्या सुनेशी, फोनवर बोलत होती. "अश्विनी, दिवाळीपर्यंत आण्णा आमच्याकडे, मग तुम्ही न्या. अगं, जागा कुणाकडे आहे? आमच्याकडे तरी कुठंय? आई होत्या तोवर ठीक होतं. आता सहा महिने तुम्ही, सहा महिने आम्ही. मोजून."

आवाजात राग नव्हता. भाजीचा वाटा घालावा तसा वाटा घालत होती.

अजिनाथची मूठ किल्लीवर मिटली. त्यानं पेटीचं झाकण खाली घेतलं, कुलूप लावलं, दोनदा हिसडून पाहिलं.

"फोटू नगं," तो म्हणाला. "आन ह्ये पान कुनाला दावू नका, बाई."

"काका, पण भाऊ..."

"ऱ्हाऊ द्या."

तो बाहेर आला तशी निकितानं फोन खाली घेतला. "आण्णा, उघडली का हो? कानिफकाकांना फोन लावू? एकदाचं कळू दे त्यांना, पेटी तुमच्याकडे नव्हतीच."

अजिनाथनं सदरा वर केला. किल्ली करगोट्यात ओवली, गाठ मारली, ओढून पाहिली.

"ह्यी पेटी ती न्हवं," तो म्हणाला. "ती माज्याकडंच हाय."